संकरित ज्वारीची तव्यावरची परीक्षा

आपल्या स्मरणिकेत पाककृती, आरोग्य व देवस्थाने यांवर दरवर्षी लेख येतात. यंदा शेतीवरही काही यावे असे कार्यकारिणीत ठरले, आणि माझे बालपण घाटाखालच्या काळ्या रानात गेले असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. शेती म्हटली की हल्ली आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशी यांचेच बोलणे निघते. मी मात्र ज्वारीविषयी लिहिणार आहे. घरोघर ज्याची चर्चा झाली असे नवे बियाणे म्हणजे संकरित ज्वारी, आणि तिची पारख करण्यात निम्मा वाटा बायकांचा होता. सरकारी अहवालांत ही गोष्ट सहसा सापडत नाही.

संकरित बियाणे म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संयोगाचे बियाणे. मक्यात हे काम सोपे, कारण त्याचा तुरा वर आणि कणीस खाली. ज्वारीच्या फुलात मात्र नर व मादी एकत्र नांदतात. हजारो फुलांतील पुंकेसर हाताने कोण काढणार? १९५४ साली अमेरिकेत टेक्सास येथे स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनी ज्यात पराग धरतच नाही अशी ज्वारी उपयोगात आणण्याची रीत दाखवली, आणि वाट मोकळी झाली. अशा वांझ-नर ज्वारीच्या चार ओळी व पराग देणाऱ्या वाणाच्या दोन ओळी लावावयाच्या. चार ओळींवर जे दाणे भरतील ते संकरित बियाणे. या रीतीने भारतात तयार झालेला पहिला वाण १९६४ साली बाहेर पडला. त्याचे नाव सी.एस.एच. १. आपल्याकडे मात्र हे नाव कोणी घेतले नाही. सारे त्याला नुसते ‘हायब्रीड’ म्हणत.

तो काळ धान्यटंचाईचा होता. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळे, आणि तो ज्यांनी खाल्ला त्यांना त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे आपल्या विदर्भातील पुसदचे. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाचे ते १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यापुढे बोलले. त्यानंतर हायब्रीडच्या प्रचाराला जोर चढला. आमच्या गावीही ग्रामसेवक बियाण्याच्या पिशव्या व खताचे पोते घेऊन आला, आणि चार-पाच शेतकऱ्यांनी बांधाजवळचा तुकडा ‘करून पाहू’ म्हणून दिला.

गावरान ज्वारी मृगात पेरली की दिवाळीनंतर सोंगणीस येई, आणि ताटे इतकी उंच वाढत की आत शिरलेला माणूस दिसू नये. हायब्रीड जेमतेम छातीला लागे. पण साडेतीन महिन्यांत तयार, आणि कणीस घट्ट, दाण्यांनी लगडलेले. उत्पन्नात गावरान तिच्या जवळपासही आली नाही. वडील, काका, शेजारी सारे खूश झाले.

मग घरातले प्रश्न सुरू झाले. गावरान ज्वारीला फूल येते ते पाऊस सरता सरता, म्हणून तिचा दाणा कोरड्या हवेत भरतो आणि मोत्यासारखा राहतो. हायब्रीडचा दाणा ऐन भाद्रपदाच्या पावसात भरे. त्यावर बुरशी चढे व तो काळा पडे. त्या पिठाची भाकरी काळपट होई, थापताना चिरे, आणि संध्याकाळपर्यंत कडक होऊन जाई. आमची आजी म्हणे, ‘ही ज्वारी सरकारले खाऊ दे.’ आणि झालेही तसेच. लेव्हीला हायब्रीड, घरच्या कोठीत गावरान. तिकडे गोठ्यातही तक्रार. ताट आखूड, म्हणून कडबा कमी, आणि कडब्यावाचून बैलजोडी कशी निघावी? पेरणीस उशीर झाला तर खोडमाशी पोंगाच मारून टाकी. पुढे उर्मट पोरांना ‘हायब्रीड पिढी’ म्हणण्याची रीत पडली, ती याच रागातून आली असावी.

मला सर्वांत लागते ती गोष्ट बियाण्याची. पूर्वी खळ्यावर भरदार कणसे निवडून ती आढ्याला टांगणे हे घरातील वडीलधाऱ्या बाईचे काम होते. कोणते कणीस ठेवावे यात पुरुष तोंड घालीत नसत. हायब्रीडचे घरचे दाणे पेरले तर दुसऱ्या वर्षी एक ताट उंच, एक ठेंगणे, काही कणसे पोचट, असे पीक फुटते. म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावयाचे. आणि पैसा आला की व्यवहार पुरुषांकडे गेला. आढे रिकामे झाले ते तेव्हापासून.

शास्त्रज्ञांनी या तक्रारी कानाआड केल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ सालचा सी.एस.एच. ५ आणि त्यानंतरचा सी.एस.एच. ९ यांचे ताट उंच होते व दाणाही पुष्कळ सुधारलेला होता. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ निघाले, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. तेथूनही १९९२ साली सी.एस.एच. १४ आला. बुरशीचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही.

भाताचीही कथा अशीच आहे. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या खटपटीने १९७६ पासून संकरित भात शेतात गेला. आपल्याकडे कर्जतच्या केंद्रातून १९९८ साली ‘सह्याद्री’ आला. दक्षिणेत पहिल्या संकरित वाणांची तक्रार काय होती? शिजवलेला भात चिकट होतो! तेथेही निकाल चुलीपाशीच लागला.

असो. पुढे सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी, हायब्रीड काय नि गावरान काय, दोन्ही मागे पडली. आता शहरात ज्वारीचे पीठ गव्हाच्या वर भाव खाते. आपल्या मंडळातील दोघी-तिघींच्या शेतात हुरड्यापुरत्या चार ओळी गावरान ज्वारी अजून असते, आणि त्यांनी कणसे राखून ठेवली आहेत. ज्यांना मूठभर बी हवे असेल त्यांनी मृगापूर्वी मंडळात निरोप ठेवावा.