राउटरची स्मरणशक्ती

नांदेडहून अर्धापूरमार्गे हदगावला जायचे म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास. तालुक्याच्या या गावातील एखाद्या बँकेचा किंवा सरकारी कार्यालयाचा राउटर वीज जाऊन आल्यावर सारे 'विसरला', तर तेवढे अंतर कापून जाणकार येईपर्यंत खिडकीपुढची रांग ताटकळत राहते. यंत्र जळालेले नसते, तारही तुटलेली नसते. महिन्यापूर्वी केलेला एखादा बदल जतन करायचा राहून गेलेला असतो, एवढेच!

राज्याच्या राजधानीपासून तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट वेगाची जोडणी देणारी राज्यव्यापी जाळ्यांची योजना केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केली. अशा जाळ्याच्या प्रत्येक टप्प्यावर राउटर आणि स्विच असतात आणि त्यांची स्मृती कशी चालते हे ठाऊक नसेल, तर लहानशी चूकही महागात पडते.

सिस्को कंपनीच्या राउटरचे उदाहरण घेऊ. त्यात वेगवेगळ्या प्रकारची स्मृती असते. कार्यप्रणालीची मोठी फाइल 'फ्लॅश'मध्ये राहते. यंत्र चालू असताना ज्या आज्ञा अमलात असतात, ती 'रनिंग-कॉन्फिग' रॅममध्ये असते आणि वीज जाताच पुसली जाते. पुन्हा सुरू होताना राउटर जी वाचतो, ती 'स्टार्टअप-कॉन्फिग' एनव्हीरॅममध्ये असते. जुन्या २६०० मालिकेत या एनव्हीरॅमची क्षमता अवघी ३२ किलोबाइट होती. साऱ्या कार्यालयाचा कारभार एवढ्याशा मजकुरावर चालतो. बदल केल्यानंतर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा दिली नाही, तर तो बदल वीज असेपर्यंतच टिकतो.

मात्र जतन करण्याची घाईही नको. नांदेडला बसून हदगावचा राउटर बदलताना एक चुकीची ओळ जोडणीच तोडू शकते. म्हणून अनुभवी मंडळी आधी चालू स्थिती जतन करतात, मग 'रीलोड इन १०' ही आज्ञा देतात आणि त्यानंतरच बदलाला हात लावतात. जोडणी तुटली, तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप नव्याने सुरू होऊन जुन्या स्थितीवर येतो. सारे ठीक असेल, तर 'रीलोड कॅन्सल' देऊन मग जतन करावे. एवढ्या साध्या युक्तीने एक फेरी वाचते.

राउटरच बिघडला, तर आतली प्रत कामाची नाही. ती बाहेर दुसऱ्या संगणकावरही हवी. त्यासाठी पूर्वापार वापरला जाणारा टीएफटीपी हा मार्ग सोपा खरा, पण त्यात ना परवलीचा शब्द, ना सांकेतिकीकरण. शिवाय त्याच्या जुन्या आवृत्तीत ५१२ बाइटचे जास्तीत जास्त ६५,५३५ तुकडे मोजता येत असल्याने सुमारे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल मध्येच अडकते. यंत्राची सोय असेल तेथे एससीपी वापरणे इष्ट. कार्यप्रणालीची नवी फाइल चढवण्यापूर्वी 'शो फ्लॅश'ने जागा पाहावी, चढवल्यावर 'व्हेरिफाय' आज्ञेने ती अखंड आल्याची खात्री करावी आणि नवी नीट चालेपर्यंत जुनी पुसू नये. काही जुन्या यंत्रांत 'डिलीट' केलेली फाइल केवळ खुणावली जाते. जागा मोकळी होण्यासाठी 'स्क्वीझ' करावे लागते.

प्रत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची फजिती नव्या यंत्रावर ती चढवताना होते. नव्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात आणि ते उघडणारी 'नो शटडाउन' ही ओळ फाइलमध्ये उमटतच नाही. एसएसएचच्या गुप्त किल्ल्याही त्या मजकुरात नसतात; त्या नव्याने तयार कराव्या लागतात. चालू स्थितीवर फाइल 'कॉपी' केली, तर जुन्या ओळी जात नाहीत, दोन्हींची सरमिसळ होते. पूर्ण अदलाबदलीसाठी 'कॉन्फिगर रिप्लेस' ही वेगळी आज्ञा आहे.

एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या 'स्मार्ट इन्स्टॉल' या सोयीचा गैरफायदा घेऊन जगभरातील स्विचवर हल्ला झाला. इराण सरकारने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार जगात दोन लाख आणि इराणमध्ये साडेतीन हजार यंत्रांना त्याची झळ बसली. हल्लेखोरांनी स्टार्टअप-कॉन्फिग पुसून तेथे अमेरिकी झेंड्याचे चित्र ठेवले. बाहेर प्रत असलेल्याला ती चढवणे एवढेच काम होते. इतरांना सारे आठवून लिहिणे भाग होते.

जुने यंत्र भंगारात देतानाही हीच फाइल आठवावी. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये बाजारातून वापरलेले राउटर विकत घेऊन तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकांची मांडणी जशीच्या तशी सापडली. स्विचच्या बाबतीत तर स्टार्टअप-कॉन्फिग पुसूनही भागत नाही. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधील 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती स्वतंत्रपणे पुसावी लागते.