नवउत्पादन विकासातील ज्ञाननिर्मिती

नवे उत्पादन विकसित करताना उद्योगसंस्थेपुढे दोन उद्दिष्टे असतात: ठरलेल्या मुदतीत व खर्चात विक्रीयोग्य वस्तू बाजारात आणणे आणि त्या कामातून पुढेही उपयोगी पडेल असे ज्ञान मिळवणे. पहिल्यास व्यापारी फलित, तर दुसऱ्यास ज्ञाननिर्मिती म्हणतात. या दोहोंचा समतोल हा व्यवस्थापनशास्त्रातील महत्त्वाचा अभ्यासविषय आहे.

संकल्पना
अमेरिकन अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९९१ मधील शोधनिबंधात नव्या शक्यतांचा शोध आणि ज्ञात गोष्टींचा उपयोग असा भेद मांडला. उपयोगाचा लाभ लवकर व बऱ्याच अंशी खात्रीने मिळतो; शोधाचा लाभ उशिरा मिळतो व अनिश्चित असतो. त्यामुळे संस्था सहसा उपयोगाकडे झुकतात आणि कालांतराने मागे पडतात. याउलट, केवळ शोधात गुंतलेल्या संस्थेला प्रयोगांचा खर्च सोसावा लागतो, पण त्यांचे फळ पदरात पडत नाही.

उदाहरणे
थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये भक्कम गोंदाचा शोध घेताना हलकेच चिकटणारा व सहज सुटणारा गोंद सापडला. त्याचा उपयोग कित्येक वर्षे सुचला नाही. १९७४ मध्ये सहकारी आर्ट फ्राय यांनी तो गीतपुस्तकातील खुणेच्या कागदांसाठी वापरण्याची कल्पना मांडली. १९७७ मधील चाचणी विक्रीला अल्प प्रतिसाद मिळाला. मात्र पुढील वर्षी बॉइझी शहरात मोफत नमुने वाटल्यावर मागणी दिसून आली. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीस आल्या. तंत्रज्ञांना कामाचा सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी देण्याच्या कंपनीच्या प्रथेशी हे यश जोडले जाते.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा चित्रमय पडद्याचा संगणक तयार झाला. परंतु कंपनीने तो सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आणला नाही. अशा संगणकांचा व्यापारी लाभ मुख्यतः इतर कंपन्यांना झाला. त्याच केंद्रातील संशोधनातून साकारलेल्या लेझर मुद्रकाने मात्र झेरॉक्सला मोठे उत्पन्न मिळवून दिले.

मूल्यमापन
केवळ विक्रीच्या निकषावर १९६८ ते १९७७ या काळातील सिल्व्हर यांचे काम निष्फळ ठरले असते. म्हणून विक्री व नफा यांबरोबरच प्रकल्पातून काय कळले, त्याची नोंद झाली का आणि ती इतर विभागांपर्यंत पोहोचली का, हेही पाहावे लागते. नोंद नसल्यास फसलेल्या प्रयोगाचा खर्च तर होतोच, शिवाय त्यातून मिळालेले ज्ञानही वाया जाते.