उंटातील दंत-तंत्रिकारोध

जबड्यातील तंत्रिकेभोवती (मज्जातंतूभोवती) संवेदनाहारक औषध टोचून त्या भागातील दात, हिरड्या व ओठ तात्पुरते बधिर करण्याच्या पद्धतीस दंत-तंत्रिकारोध म्हणतात.

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत उष्ट्रखान्याची गणना होत असे. लष्करी ओझी वाहण्यासाठी व सांडणीस्वारांकरवी टपाल धाडण्यासाठी उंट लागत. हा प्राणी मुख्यत्वे कोरड्या देशावरचा. अतिपर्जन्याच्या मालवण किनाऱ्यावर वाहतुकीचा भार गलबतांनी व घाटवाटांनी जाणाऱ्या बैलांनी उचलला. दमट प्रदेशात उंटास सर्रा रोगाचे भय असते. त्याचे परजीवी जंतू ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइलखान येथे शोधले.

प्रौढ उंटास ३४ दात असतात. वरच्या जबड्यात पुढील बाजूस पटाशीच्या दातांची एकच जोडी असून उरलेल्या जागी कठीण गादी असते. खालच्या जबड्याचा सुळे व दाढा यांमधील भाग तुलनेने अरुंद असतो. माजावर आलेले नर परस्परांस चावतात, तेव्हा बहुधा तेथेच अस्थिभंग होतो. मग चारा तोडणे व रवंथ करणे थांबून जनावर उपासमारीने खंगते.

पूर्वी अशा जनावरास दोरांनी जखडून शुद्धीवरच उपचार करीत. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक संवेदनाहारक गुण दाखविला आणि लवकरच न्यूयॉर्कमध्ये हॉल व हॉल्स्टेड यांनी मानवी जबड्यातील तंत्रिका बधिर केली. कोकेनचे व्यसन लागत असल्याने पुढे प्रोकेन व १९४८ पासून लिडोकेन प्रचारात आले. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, तर बिकानेरला १९८४ मध्ये उंट संशोधन केंद्र सुरू झाले.

खालच्या जबड्याच्या आतील पृष्ठावरील रंध्रातून तंत्रिका हाडात शिरते व दातांना शाखा देत हनुवटीजवळ बाहेर पडते. प्रवेशस्थानी औषध दिल्यास त्या बाजूचे दात व खालचा ओठ बधिर होतात आणि तुटलेली हाडे तारेने बांधता येतात. संपूर्ण बेशुद्धीत रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या जठरातील द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तंत्रिकारोधाने तो बराच टळतो. मात्र जीभ बधिर झाल्यास ती चावली जाऊ नये म्हणून संवेदना परत येईपर्यंत चारा देत नाहीत.