पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण : नागरिकांचा हक्क

पोलीस ठाण्याची कोठडी, दालने आणि आवार यांतील कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण पाहण्याचा, ते जपून ठेवायला लावण्याचा किंवा त्याची प्रत मिळवण्याचा हक्क. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांचे आदेश, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि पुराव्याचा कायदा या तिन्हींतून तो घडला आहे. अमेरिकेत पोलिसांचे चित्रीकरण राज्याराज्यांच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यांखाली मागता येते; भारतात त्याची मूळ प्रेरणा कोठडीतील मारहाण आणि मृत्यू रोखण्याची आहे. त्यामुळे येथे प्राधान्य पीडिताला आहे, सर्वसामान्य जिज्ञासूला नाही.

महाराष्ट्रात हा विषय तुलनेने लवकर पुढे आला. वडाळा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच राज्यातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात आणि २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात तीच दिशा धरली. सविस्तर आदेश मात्र २ डिसेंबर २०२० चा, परमवीरसिंग सैनी विरुद्ध बलजितसिंग या खटल्यातला. ठाण्याचे प्रत्येक प्रवेशद्वार, सर्व कोठड्या, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागची बाजू, एवढेच काय स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागाही कॅमेऱ्याच्या टप्प्यात हवी. अंधारात दिसेल असे चित्र हवे आणि आवाजही हवा. साठवण १८ महिन्यांची. तशी उपकरणे बाजारात नसतील तर जितकी मिळेल तितकी, पण वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. ठाण्यात कॅमेरे आहेत आणि हक्कभंग झाल्यास चित्रीकरण जपून ठेवायला लावण्याचा पीडिताला अधिकार आहे, असा मोठा फलक स्थानिक भाषेतही लावणे बंधनकारक आहे.

कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात लंगडीच राहिली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या अहवालानुसार राज्यातील १०८९ ठाण्यांपैकी ५४७ ठाण्यांतच कॅमेरे होते. २०२५ मध्ये राजस्थानातील कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घेतली.

देखरेखीसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या आहेत. उदाहरणार्थ, माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या कार्यक्षेत्रात येते. २०२० च्या आदेशातील रचना तिथे लावली, तर जिल्हा समितीत पुण्याचे विभागीय आयुक्त, सोलापूरचे जिल्हाधिकारी, ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष येतात. चित्रीकरण तपासून तक्रारीत न आलेला हक्कभंग शोधण्याचे कामही या समितीकडे आहे. दुखापत किंवा मृत्यूच्या प्रकरणात राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा मानवी हक्क न्यायालयाकडे तक्रार करता येते आणि त्यांना चित्रीकरण तात्काळ मागवता येते. नेहमीच्या फौजदारी खटल्यातही न्यायालय ते मागवू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ त्यासाठी आहे.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. अधिनियमातील ‘माहिती’च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री येते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत आणि १० रुपये शुल्कासह करावा लागतो. ठाणे, दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा नेमकी लिहिली की ही शब्दमर्यादा अडचणीची ठरत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. त्यापुढे पहिले अपील खात्यातच, दुसरे सोलापूर जिल्ह्यापुरते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

नकार बहुधा कलम ८(१)(ज) खाली येतो : तपासात अडथळा येईल. पण केवळ तपास चालू आहे एवढे सांगून भागत नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटले. खासगीपणाचे कारण अधिक वजनाचे आहे, कारण चित्रात तक्रारदार महिला, बालके, खबरे असे इतरही दिसतात. त्यावर संपूर्ण नकार हा उपाय नव्हे; कलम १० नुसार न देण्याजोगा भाग वगळून उरलेला देता येतो. खासगी माहितीविषयीचे कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अधिक कडक केल्यामुळे अर्जदाराची भिस्त आता कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताच्या तरतुदीवर आहे.

खरी अडचण काळाची असते. साठवणयंत्र भरले की जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे उमटते आणि अपिलांची साखळी सहज वर्षावर जाते. म्हणून प्रत मागणारा अर्ज आणि चित्रीकरण राखून ठेवण्याची लेखी मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी आधी, तीही पोच घेऊन अधीक्षक कार्यालयात केलेली, अधिक उपयोगी पडते. त्यानंतर ‘यंत्र बिघडले होते’ हे उत्तर प्रभारी अधिकाऱ्यावरच उलटू शकते, कारण बिघाड जिल्हा समितीला तत्काळ कळवणे हे त्याचेच काम आहे.

प्रत हाती आली तरी ती पुरावा म्हणून टिकण्यासाठी प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात वाद होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलेच नव्हते. मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि संबंधित अधिकारी ते देत नसतील तर न्यायालयाकडून मागवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

नागरिकाने स्वतःच्या मोबाइलवर केलेले चित्रीकरण हा निराळा प्रश्न. वर्ध्यातील एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही. तेथे चित्रीकरण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही.