कलम ६६अ रद्द झालं, मग पोस्ट गायब कशी होते?

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट टाकली, मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींनाही अटक झाली. हो, फक्त लाईक करणारीलासुद्धा. एकीच्या काकांचा दवाखानाही फोडण्यात आला.

पोलिसांनी लावलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ होतं. डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेत चर्चेविनाच मंजूर झालेल्या दुरुस्तीतून ते आलं होतं. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवला, किंवा खोटी माहिती देऊन कुणाला 'त्रास', 'गैरसोय' केली तर ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास. आता गैरसोय म्हणजे नेमकं काय? कायद्यात व्याख्याच नव्हती, त्यामुळे ते ठरवणार पोलीस ठाण्यातले साहेब.

पालघर प्रकरणानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६अ रद्द केलं. एखाद्या मताची चर्चा करणं, त्याचं समर्थन करणं आणि लोकांना चिथावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चिथावणीपर्यंत गेल्यावरच कायदा आडवा येऊ शकतो, असं कोर्टाने सांगितलं.

तरीही या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. कारण कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलंच होतं, ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत. तळटीप वाचतो कोण? अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की ६६अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

पण त्याच २०१५ च्या निकालात कलम ६९अ मात्र शाबूत राहिलं, आणि आज जास्त महत्त्वाचं तेच आहे. ६६अ माणसाला पकडायचं, ६९अ मजकूर ब्लॉक करतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार पोस्ट, अकाउंट, अख्खी वेबसाइट किंवा अ‍ॅप बंद करू शकतं. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अ‍ॅप याच कलमाने गेली. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या जबाबदार व्यक्तीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे कंपन्या सहसा वाद घालत नाहीत.

खरी अडचण गुप्ततेची आहे. २००९ च्या नियमांतला १६ वा नियम तक्रार आणि त्यावरची कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. नोटीस 'व्यक्ती किंवा मध्यस्थ कंपनी' यांना द्यायची असते. त्या 'किंवा'मुळे ती कंपनीला जाते आणि मजकूर लिहिणाऱ्याला पत्ताच लागत नाही. लिहिणारा माहीत असेल तर त्याचंही म्हणणं ऐकावं, असं कोर्टाने म्हटलं होतं. शिवाय अशा आदेशाला हायकोर्टात आव्हान देता येतं. पण आदेशच हातात नसेल तर आव्हान कशाला देणार?

हुंडाप्रथेची खिल्ली उडवणारी 'डाउरी कॅल्क्युलेटर' ही वेबसाइट २०१८ मध्ये ब्लॉक झाली. ती चालवणारा दिल्ली हायकोर्टात गेला. त्याला आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका, असं कोर्टाने सरकारला सांगितलं, तेव्हा मे २०२२ उजाडला होता.