रस गोठविणारे द्रव्य

करवंदांची जेली जिने एकदा तरी स्वतःच्या हातांनी केली आहे, तिला हे सांगावे लागत नाही की, फळे थोडी कच्ची, आंबट अशीच घ्यावीत. अगदी पिकलेल्या करवंदांचा रस कितीही आटविला तरी त्याचा पाकच होतो. स्वयंपाकघरातील या अनुभवाचे कारण उलगडण्यास रसायनशास्त्राला मात्र पुष्कळ काळ लागला.

१७९० साली वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला एका फळात हे गोठणारे द्रव्य आढळले. ते फळ कोणते, श्रोतेहो? आपली चिंच! पुढे १८२५ मध्ये ब्राकोनो याने ते वनस्पतींत सर्वत्र असल्याचे दाखवून ‘गोठविणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले. आजचा ‘पेक्टिन’ हा शब्द त्यातूनच आला.

पेक्टिन म्हणजे फळांतील पेशींना सांधणारा जणू चुनाच. साखरेच्याच कुळातील एका आम्लाच्या शेकडो कड्या जोडून त्याची साखळी होते. फळ पिकू लागले की एन्झाइमे ही साखळी तोडतात; म्हणूनच फळ मऊ होते आणि जेली बिघडते.

आपले पाचकरस ही साखळी तोडू शकत नाहीत. ती मोठ्या आतड्यात जशीच्या तशी पोहोचते व तेथील जीवाणू तिच्यापासून जी आम्ले बनवितात, ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात, पाणी शोषण्यासही साह्य करतात. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत करवंदाप्रमाणे केळ हीही ‘बेरी’च. ढाक्याच्या संशोधकांनी दीर्घकाळ अतिसाराने पीडलेल्या मुलांना भाताच्या आहारात शिजविलेले कच्चे केळे किंवा पेक्टिन दिले, तेव्हा ती मुले लवकर सुधारली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. अर्थात मीठ-साखरेच्या पाण्याची जागा यापैकी कशानेही घेतलेली नाही. चिनीमाती व पेक्टिन यांचे मिश्रण पुष्कळ वर्षे औषध म्हणून विकले जाई. त्याने मल घट्ट दिसे, पण शरीरातील पाण्याचा ऱ्हास थांबत असल्याचा पुरावा दुबळाच राहिला.

कोलेस्टेरॉल योग्य प्रमाणात राखण्यासाठी रोज ६ ग्रॅम पेक्टिन उपयुक्त असल्याचे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली मान्य केले. म्हणून कोणी जेलीची बरणी रिकामी करू नये. तीत निम्म्याहून अधिक साखरच असते! कारखान्यांतील पेक्टिन तर मुख्यतः लिंबू-संत्र्यांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांतून काढतात. रस गाळून आपण फेकून देतो, तोच हा भाग.