शुभवर्तमानातील वाटा आणि आपले कोस

जुबिलीच्या या मंगल वर्षी आपल्या धर्मग्रामाने किती वाट आक्रमिली, हे मागे वळून पाहण्याकडे सर्वांचे मन साहजिकच ओढ घेते. अशा प्रसंगी, ज्या वाटांनी प्रभू येशू ख्रिस्त व त्याचे शिष्य प्रत्यक्ष चालले त्यांची लांबी आपल्या नाशिकच्या भूमीवर किती भरेल, याचा अल्पसा विचार वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे. शुभवर्तमानात ही अंतरे स्तादियम व मैल या प्राचीन मापांनी दिलेली आहेत. ती आपल्या परिचयाच्या मापांत आणल्याखेरीज त्या वाटांवरील श्रम ध्यानी येत नाहीत.

रोमन लोकांचे माप मनुष्याच्या देहावरून निघाले. 4 बोटांची एक पंजारुंदी, 16 बोटांचे एक पाऊल आणि 24 बोटांचा एक हात, असा त्यांचा क्रम होता. आपल्याकडेही कौटिलीय अर्थशास्त्रात 24 अंगुळांचा एक हात सांगितला आहे, हे पाहून कौतुक वाटते. रोमन पाऊल म्हणजे आजचे सुमारे 29.6 सेंटिमीटर. जमिनीतून सापडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि जुन्या हमरस्त्यांवरील मैलांचे दगड यांवरून विद्वानांनी हा आकडा निश्चित केला आहे. अशा 5 पावलांची एक दुहेरी ढांग धरीत, म्हणजे एक पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर. अशा 1000 ढांगांचा एक मैल होई, व मैल हे नावही लॅटिन भाषेतील ‘हजार’ या शब्दावरूनच आले. यावरून रोमन मैल सुमारे 1480 मीटरांचा ठरतो. इंग्रजी मैल 1609 मीटरांचा, म्हणजे त्याहून 129 मीटरांनी मोठा. रोमन मैलाचा आठवा भाग तो स्तादियम, सुमारे 185 मीटरांचा. 1956 च्या कायद्यान्वये आपल्या देशात दशमान पद्धत आली, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी कोस हा शब्द राहिलाच. प्रांतोप्रांती त्याची लांबी निराळी असे. येथे आम्ही तो 2 इंग्रजी मैलांचा, म्हणजे सुमारे 3.2 किलोमीटरांचा धरीत आहो.

ही मापे आपल्या नगरास अगदीच परकी नाहीत. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी याने आपल्या ग्रंथात ‘नासिक’ हे नाव नोंदले आहे, आणि पैठणच्या ज्या राजाचा तो उल्लेख करितो तो सातवाहन पुळुमावी होय, असे विद्वान मानितात. त्याच पुळुमावीच्या काळचा शिलालेख आपल्या पांडवलेण्यांत आजही आहे. मात्र मापात थोडी चूक झाली तर ती किती दूरवर पोहोचते, याचेही उदाहरण टॉलेमीनेच घालून दिले आहे. पृथ्वीच्या परिघाचा एक अंश त्याने 500 स्तादियमचा धरिला. आपल्या हिशेबाने ते 92.5 किलोमीटर होतात, वस्तुतः अंश सुमारे 111 किलोमीटरांचा आहे. यायोगे त्याची पृथ्वी एकषष्ठांशाने लहान झाली.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत योहान बेथानी गाव जेरुसलेमपासून सुमारे 15 स्तादियमवर असल्याचे सांगतो. ते अंतर 2.8 किलोमीटर, म्हणजे कोसाहून कमी. लाजराच्या भगिनींचे सांत्वन करण्यास नगरातून इतके लोक कसे आले, याचा उलगडा येथे होतो. दुःखी घर हाकेच्या नव्हे, तरी सहज चालण्याच्या टप्प्यात होते.

संत लूक एम्माऊसचे अंतर 60 स्तादियम देतो. ते सुमारे 11 किलोमीटर, म्हणजे साडेतीन कोस. नाशिकहून पांडवलेणी सुमारे 8 किलोमीटरांवर आहेत, तेथून आणखी एक कोस पुढे जावे, इतकी ती वाट. परंतु चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितासह काही जुन्या प्रतींत 60 ऐवजी 160 हा आकडा आढळतो. तो धरिला तर अंतर सुमारे 29.6 किलोमीटर होते, जवळजवळ नाशिक ते त्र्यंबकेश्वर इतके. युसेबियस व संत जेरोम यांनी ज्या निकोपोलिसला एम्माऊस मानिले, ते याच सुमारास पडते. फ्रान्सिस्कन संन्याशांचे मंदिर असलेले कुबेबे हे गाव मात्र पहिल्या आकड्याशी जुळते. दिवस कलल्यावर भाकर मोडताना ज्यांनी प्रभूला ओळखिले, ते दोघे त्याच घटकेस उठून जेरुसलेमला परतले. जाऊन येऊन 22 किलोमीटर चालणे थकलेल्या माणसास कष्टाचे, पण शक्य आहे. त्र्यंबकेश्वरी जाऊन त्याच रात्री पायी परत येणे किती कठीण, हे नाशिककरांस सांगावयास नको. म्हणून आमचा कल 60 या आकड्याकडे आहे. अर्थात ख्रिस्तसभेने या स्थळाचा निर्णय श्रद्धेचा विषय केलेला नाही. शिवाय संत लूक ठोकळ आकडा देत आहे, तेव्हा त्यातून मीटर न् मीटर काढू पाहणे व्यर्थ होय.

शेवटचे माप मैलाचे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की, कोणी तुला वेठीस धरून एक मैल नेले, तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. परकीय सत्तेचा शिपाई रस्त्यावरच्या माणसास धरून ओझे वाहावयास लावी, त्या वेठीचा हा उल्लेख आहे. वेठबिगारीचे दुःख महाराष्ट्रातील खेड्यांनीही भोगिले आहे. तो मैल म्हणजे 1480 मीटर, अर्ध्या कोसाहूनही किंचित कमी, सुमारे 20 मिनिटांची वाट. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा, दुसरा आपल्या इच्छेचा, आणि दोन्ही मिळून पुरता एक कोसही भरत नाही! प्रभूने मागितलेला हा दुसरा मैल म्हणजे आणखी 20 मिनिटे. तीही आपण किती वेळा नाकारितो, याचा ज्याने त्याने विचार करावा. मूळ ग्रीक शुभवर्तमानात वेठीस धरण्याचे जे क्रियापद येथे आहे, तेच सिरेनेच्या सिमोनास क्रूस वाहावयास लावले त्या ठिकाणीही आहे. क्रुसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानी आपण गुडघे टेकितो तेव्हा हे स्मरावे.

आपल्या धर्मग्रामाची वाट अशाच दुसऱ्या मैलांनी बांधली गेली आहे. कोणी आजाऱ्याच्या घरी पायपीट केली, कोणी दूरच्या वस्तीवरून मुलांना धर्मशिक्षणास आणिले. त्यांची ढांग कोणी मोजली नाही. पुढील जुबिलीपर्यंतची वाट आपण सर्वांनी त्याच मापाने चालावी, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.